पंचगंगेच्या पातळीचा बॉट आणि सर्व्हरांची ब्लॉकाब्लॉकी

रंकाळ्याचा_वारा (२४ मे, रात्री ९:१२)

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय म्हणून विचारतो. मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखंच, पण एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांचं जाळं) कोल्हापूरपुरता एक छोटा मराठी सर्व्हर आहे, दीडेकशे खाती. त्यावर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी सांगणारा बॉट, म्हणजे आपोआप पोस्टा टाकणारं खातं, चालतो. दर तासाला एक पोस्ट, सार्वजनिक, हॅशटॅगसकट. नोंदणी सगळ्यांना खुली.

सध्याची अवस्था अशी: एका मोठ्या सर्व्हरवरून बॉट शोधला की "हे प्रोफाइल मॉडरेटरांनी लपवलं आहे" अशी पाटी येते. दुसऱ्या एका सर्व्हरवर तर तो सापडतच नाही. दोन्हीकडे पुण्या-मुंबईत राहणारी कोल्हापूरची पोरं आहेत, त्यांना घरच्या पुराची खबर हवी असते.

प्रश्न तीन. आपल्याला नेमकं काय केलंय हे खात्रीनं कसं कळणार? त्यातून सुटायचं कसं? आणि आपल्या बाजूनं कुणाकुणाला ब्लॉक करावं, त्याची यादी कुठून आणावी? कुणीतरी चारशे डोमेनची (सर्व्हरांच्या पत्त्यांची) तयार सीएसव्ही फाइल पाठवलीय, ती आहे तशी चढवू का?

तांबडा_रस्सा (९:२०)

चारशे? खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

पेठेतला_प्रोग्रामर (९:४८)

भावा, ती फाइल आधी बाजूला ठेव. चढवू नकोस. कारण खाली येईलच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या वर्णनातच आहे. पाटी दिसते म्हणजे लिमिट. सापडतच नाही म्हणजे बहुतेक सस्पेंड. मॅस्टोडॉनमध्ये डोमेनवर कारवाईच्या या दोन मुख्य पायऱ्या, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लिमिटमध्ये तुमच्या पोस्टा त्यांच्या सार्वजनिक टाइमलाइनवर आणि हॅशटॅगखाली दिसत नाहीत. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या माणसाला तुमच्याकडून नोटिफिकेशन जात नाही. तुमच्याकडच्या कुणी तिथल्या कुणाला फॉलो केलं तर समोरच्यानं मंजूर करावं लागतं. पण आधीपासून फॉलो करणाऱ्याला बॉटच्या पोस्टा होम टाइमलाइनवर येतच राहतात, आणि पाटीखालचं बटण दाबून नवा माणूसही फॉलो करू शकतो. म्हणजे दार लोटलंय, कडी लावलेली नाही.

सस्पेंडमध्ये कडी-कोयंडा सगळं. तिकडची जी माणसं तुमच्या खात्यांना फॉलो करत होती आणि तुमची माणसं तिकडे ज्यांना फॉलो करत होती, ती सगळी जोडणी तुटते. तुमच्या पोस्टांच्या त्यांच्याकडच्या प्रती पुसल्या जातात. उद्या त्यांनी सस्पेंड मागे घेतलं तरी तुटलेलं आपोआप सांधत नाही, प्रत्येकानं पुन्हा फॉलो करायचं.

गूळभेली (१०:०५)

यात तिसरंही आहे, ते विसरू नका. पायरी "काहीच नाही" ठेवून नुसतं "मीडिया नाकारा" किंवा "तक्रारी नाकारा" यावर खूण करता येते. मजकूर येतो, चित्रं येत नाहीत. मीडियाच्या खुणेमागचा इतिहास वाचण्यासारखा आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये जपानच्या पिक्सिव्ह कंपनीनं पावू नावाचा सर्व्हर काढला आणि बघता बघता तो सगळ्यात मोठ्यांत गेला. तिथली काही रेखाटनं जपानच्या कायद्यात बसत होती, युरोपातल्या बऱ्याच देशांत बसत नव्हती. आणि मॅस्टोडॉनमध्ये दुसऱ्या सर्व्हरवरच्या चित्राची प्रत आपल्या डिस्कवर उतरते. म्हणजे माल त्यांचा, पण गोदाम आपलं. मग कुणी पावूची चित्रं नाकारली, कुणी थेट सस्पेंड केलं.

कट्ट्यावरचा (१०:११)

हे म्हणजे वाळीत टाकणं झालं की. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे म्हटलं. करा केस.

मृगनक्षत्र (१०:३०)

@कट्ट्यावरचा, तो कायदा जातपंचायतीनं माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे, सर्व्हरला रोटी-बेटी व्यवहार नसतो. 😀

पण तुमच्या विनोदात एक मुद्दा आहे. वाळीत टाकलेल्या घराला निदान कळतं तरी. इथे समोरच्यानं ब्लॉक केल्याचा निरोप आपल्या ॲडमिनला येत नाही, आपणच शोधून काढायचं. तेव्हा पहिल्या प्रश्नावर थोडं सविस्तर.

एक. समोरच्या सर्व्हरचं माहिती पान बघा. खाली "मॉडरेट केलेले सर्व्हर" अशी यादी असू शकते. ती सगळ्यांना दाखवायची, फक्त लॉगिन केलेल्यांना, की कुणालाच नाही, हे तिथला ॲडमिन ठरवतो. कारणाचा रकाना भरला असेल तर तोही दिसतो.

दोन. यादी दिसते पण नावात फुल्या, असंही होतं. ॲडमिन डोमेनचं नाव अर्धवट झाकू शकतो. म्हणून अडायचं कारण नाही. हीच यादी एपीआयवरही, म्हणजे प्रोग्रामना माहिती देणाऱ्या पत्त्यावरही, मिळते (इन्स्टन्सखालचं डोमेन ब्लॉक्स), आणि तिथे प्रत्येक नोंदीला डोमेनच्या नावाचा शा-२५६ हॅश (नावावरून गणितानं काढलेला ठसा) जोडलेला असतो. तुमच्या डोमेनचा हॅश काढा आणि यादीत शोधा. जुळला तर ती फुल्यांची ओळ तुमचीच. टर्मिनलवर इको ही कमांड वापरणार असाल तर तिला डॅश-एन लावा, नाहीतर शेवटी अदृश्य नवी ओळ चिकटते आणि हॅश साफ वेगळा येतो. मग "आपण यादीत नाही" म्हणून उगाच निश्चिंत व्हाल.

तीन. आपल्याच मॉडरेशन मेनूत फेडरेशनखाली (इतर सर्व्हरांशी असलेली जोडणी) त्या डोमेनचं पान उघडा. तिथले फॉलोअर एका दिवसात शून्यावर आले असतील तर सस्पेंड धरून चाला. सस्पेंड करताना समोरचा सर्व्हर प्रत्येक फॉलो नाकारल्याचा संदेश पाठवतो, त्यामुळे आकडा हळूहळू घसरत नाही, धपकन पडतो.

चार. समोरचा सर्व्हर मेलेलाही असू शकतो! त्याच पानावर उपलब्धतेचा भाग असतो. पोस्ट पोचवण्यात सात दिवस अपयश आलं की आपला सर्व्हर त्याला अनुपलब्ध मानून पाठवणं थांबवतो. मेलेल्याला माफीचं पत्र लिहीत बसू नका.

आजरा_घनसाळ (१०:४४)

मृगताई, हॅशची युक्ती वाचनखूण म्हणून साठवली.

खासबाग (११:०२)

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. विकेंद्रित म्हणायचं आणि गावागावांनी वेशी बंद करून घ्यायच्या. वापरणाऱ्याला ठरवू दे की काय बघायचं. वैयक्तिक पातळीवर अख्खं डोमेन ब्लॉक करायची सोय प्रत्येकाला आहेच. मग ॲडमिननं हजार लोकांच्या वतीनं नाती का तोडायची? खेळात एका पाठीराख्यानं बाटली फेकली म्हणून अख्ख्या तालमीला शाहू स्टेडियमवर बंदी, असला न्याय आहे हा.

पेठेतला_प्रोग्रामर (११:१५)

खासबागदादा, बाटली एकदा पडली तर त्या खात्यावर कारवाई होते, डोमेनवर नाही. डोमेनवर येतो तो विषय असा की बाटल्या पुरवतो मंडळाचा अध्यक्षच. तक्रार पाठवली की तिथला मॉडरेटर ती फाडून टाकतो, किंवा मॉडरेटर जागेवरच नाही. २०१९ च्या जुलैत गॅब नावाची अतिउजव्यांची सोशल साइट मॅस्टोडॉनचा कोड घेऊन फेडिव्हर्समध्ये (अशा जोडलेल्या सर्व्हरांच्या एकूण जाळ्यात) उतरली तेव्हा हेच झालं. सर्व्हरांनी धडाधड ब्लॉक केलंच, टस्कीसारख्या ॲपनी तर त्या डोमेनवर लॉगिनच बंद केलं. पुढच्या वर्षी गॅबनं स्वतःच फेडरेशन काढून टाकलं.

आणि ही कल्पना आजची नाही. १९९० मध्ये आयआरसी या जुन्या गप्पांच्या जाळ्यावर बर्कलीचा एरिस नावाचा सर्व्हर कुणालाही पासवर्डशिवाय जोडू द्यायचा. बाकीच्यांनी त्याला तोडला आणि उरलेल्या जाळ्याचं नावच पडलं एरिस-फ्री नेटवर्क, तेच ईएफनेट. यूजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर १९९७ मध्ये यूयूनेटसारख्या इंटरनेट पुरवणाऱ्या बड्या कंपनीवर स्पॅम आवरत नाही म्हणून तिच्याकडून येणाऱ्या पोस्टा रद्द करण्याची मोहीम झाली होती, तिला चक्क यूजनेटची फाशी म्हणायचे. ईमेलमध्ये स्पॅमवाल्यांच्या याद्या काढणारी स्पॅमहॉस ही संस्था १९९८ पासून आहे. जिथे खुलं जाळं तिथे वेस आलीच.

खासबाग (११:२१)

ईमेलचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. आज घरचा मेल सर्व्हर लावून बघा. दोन-तीन कंपन्यांनी तुमचा आयपी नाकारला की संपलं. फेडिव्हर्सचंही तेच होणार. मोठे सर्व्हर छोट्यांना धरत नाहीत आणि छोटे शेवटी मोठ्यांत जाऊन विरघळतात.

पेठेतला_प्रोग्रामर (११:२४)

हा मुद्दा मान्य. म्हणूनच सस्पेंडच्या आधी लिमिट वापरा म्हणतो.

दाजीपूरचा_गवा (२५ मे, सकाळी ७:३८)

मला सरसकट "आधी लिमिट" मान्य नाही. लहान मुलांच्या शोषणाच्या चित्रांचा विषय असेल तिथे लिमिटचा प्रश्नच येत नाही. लिमिटमध्ये मीडिया आपल्या डिस्कवर येतच राहतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आहे, त्यात असं साहित्य प्रसारित करणंच नाही, तर गोळा करणं, डाउनलोड करणं हेही गुन्ह्यात येतं. ॲडमिन कोल्हापुरात बसलाय, डिस्क कुठेही असो. असल्या डोमेनला थेट सस्पेंड, तेही कळल्या मिनिटाला. स्टॅनफर्डच्या इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीनं जुलै २०२३ मध्ये फेडिव्हर्सवर पाहणी केली तेव्हा दोन दिवसांत ज्ञात साहित्याशी जुळणाऱ्या ११२ गोष्टी सापडल्या होत्या. हवेतली भीती नाही ही.

रिले जोडला असेल तर काढा. रिलेवरून दुनियेच्या सार्वजनिक पोस्टा आत येतात आणि त्यांचा मीडियाही. दीडशे खात्यांना त्याची गरज नाही.

पेठेतला_प्रोग्रामर (८:०५)

गवासाहेब, शंभर टक्के. तो अपवाद मी वर लिहायलाच हवा होता.

सर्व्हरमामा (९:१०)

आता त्या चारशेच्या फाइलकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते.

तयार याद्या बनतात कशा? पाच-दहा विश्वासू सर्व्हरांच्या ब्लॉक याद्या घ्यायच्या आणि किती जणांनी एखाद्या डोमेनला ब्लॉक केलंय ते मोजायचं. वर दिसायला छान. पण त्या दहांपैकी सहांनी आधीच तीच तयार यादी चढवलेली असते. मग सहा साक्षीदार मोजले जातात आणि प्रत्यक्षात सगळ्यांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं असतं. त्यात एखादं डोमेन दोन वर्षांपूर्वी एका भांडणावरून शिरलेलं असलं की कायम तिथेच. काढायला कुणी जात नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

म्हणून क्रम असा ठेवा. फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडा. रकाने सहा: डोमेन, पायरी, मीडिया नाकारा, तक्रारी नाकारा, सार्वजनिक कारण, नाव झाका. कारणाचा रकाना रिकामा असलेल्या ओळी वेगळ्या काढा, त्या आत्ता चढवायच्याच नाहीत. उरलेल्यांत पायरी "सस्पेंड" असेल आणि कारण नुसतं "वाद" किंवा "त्रास" असेल तर ती लिमिट करा. मग इम्पोर्ट. मॅस्टोडॉनमध्ये ४.१ पासून ही सोय पॅनेलमध्येच आहे. चढवण्याआधी पूर्वदर्शन येतं आणि ज्या डोमेनशी तुमच्या लोकांची फॉलोची नाती आहेत तिथे इशारा दिसतो. थांबायचं ते तिथे. इशारा असलेली प्रत्येक ओळ हातानं उघडून बघा, तिकडचं माहिती पान वाचा, नियम वाचा, मग खूण ठेवा किंवा काढा.

दीडशे खात्यांच्या सर्व्हरला अशा इशाऱ्याच्या ओळी दहा-बारा निघतील. अर्ध्या तासाचं काम. ते न करता चढवलं तर बारा डोमेनवरची नाती एका क्लिकमध्ये गेली.

याद्या आपोआप जुळवायला फेडिब्लॉकहोल नावाचं पायथनचं साधन आहे. त्यात दोन याद्यांत मतभेद असेल तर कडक पायरी घ्यायची की सौम्य, हे सेटिंग असतं. छोट्यांनी सौम्य ठेवावं. आणि ज्यांना कधीच ब्लॉक करायचं नाही अशांची परवानगी यादी आधी भरावी.

कंदील (९:३३)

भाबडा प्रश्न: समजा चुकून सस्पेंड झालंच, तर परत कसं आणायचं?

सर्व्हरमामा (९:५२)

ब्लॉक काढा, आणि लोकांना "तुटलेले संबंध" पान दाखवा. ४.३ पासून (ऑक्टोबर २०२४) डोमेन सस्पेंड झालं की बाधित झालेल्या प्रत्येकाला नोटिफिकेशन जातं आणि कुणाशी नातं तुटलं त्याची फाइल उतरवून घेता येते. ती फाइल इम्पोर्ट केली की आपली बाजू सांधते. समोरच्यांनी आपल्याला पुन्हा फॉलो करणं मात्र त्यांच्या हातात.

मोठी खबरदारी: सस्पेंडनंतर जागा मोकळी करायला म्हणून टूटसीटीएलचं (मॅस्टोडॉनचं ॲडमिनसाठीचं कमांडचं साधन) डोमेन्स पर्ज लगेच चालवू नका. पर्ज केलं की त्या डोमेनची माहितीच जाते, आणि लोकांना फाइलच्या जागी "माहिती ॲडमिननी पुसली आहे" एवढंच दिसतं. महिनाभर थांबा. डिस्क तोवर मरत नाही.

(सगळी नावं देवनागरीत लिहितोय. कमांड देताना रोमनमध्ये द्या.)

गूळभेली (१०:१५)

लेमीवर (फेडिव्हर्समधलं रेडिटसारखं सॉफ्टवेअर) हेच आणखी विचित्र दिसतं. जून २०२३ मध्ये रेडिटवरून लोंढा आला तेव्हा बीहॉ नावाच्या लेमी सर्व्हरनं लेमी डॉट वर्ल्डसकट दोन मोठे सर्व्हर तोडले. कारण सरळ होतं. बीहॉवर नोंदणीला अर्ज भरून घ्यायचे, त्या दोघांकडे दार सताड उघडं, आणि बीहॉकडे मॉडरेशनला माणसं मोजकी. गंमत पुढे आहे. बीहॉवरच्या गटांची जुनी प्रत वर्ल्डवर तशीच राहिली आणि लोक त्यात लिहीत राहिले. त्यांचं लिखाण वर्ल्डवर दिसायचं, बीहॉवर पोचायचं नाही. भिंतीशी गप्पा.

कट्ट्यावरचा (१०:१९)

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप!

नवा_भिडू (११:४०)

ब्लॉक केलं म्हणजे त्या सर्व्हरला आपल्या पोस्टा दिसणारच नाहीत ना? मग थ्रेड्सला ब्लॉक केलं की मेटाला आपला डेटा मिळत नाही, बरोबर?

मृगनक्षत्र (दुपारी १२:२५)

नाही हो, एवढं सोपं नाही. आपण ब ला सस्पेंड केलं. तिसऱ्या क सर्व्हरवरच्या कुणी आपली सार्वजनिक पोस्ट बूस्ट केली (पुढे पाठवली) आणि ब वरचा कुणी क ला फॉलो करतो. ब ला पत्ता मिळाला, तो आपल्याकडे मूळ पोस्ट मागायला येतो. साध्या मांडणीत आपला सर्व्हर मागणाऱ्याचं नाव न विचारता ती देऊन टाकतो.

हे थांबवायला ऑथराइज्ड फेच आहे, ३.० पासून. एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ऑथराइज्ड अंडरस्कोअर फेच बरोबर ट्रू, नाव सगळं कॅपिटल पण ट्रू लहान अक्षरांत, आणि सेवा रीस्टार्ट. मग प्रत्येक मागणीवर सही लागते, सही ब्लॉक केलेल्या डोमेनची असली की नकार. किंमत अशी की दर मागणीला सही तपासायची म्हणजे प्रोसेसरवर भार, कॅशचा फायदा कमी, आणि सही न करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरशी बोलणं बंद.

तरीही ब्राउझरमध्ये उघडणारं सार्वजनिक पान उघडंच राहतं, आणि दुसऱ्या डोमेनच्या सहीनं कुणीही येऊ शकतं. ही वेशीवरची चौकी आहे, तिजोरी नव्हे.

थ्रेड्सबद्दल: मार्च २०२४ पासून तिथल्या ज्यांनी स्वतः सोय चालू केली त्यांच्याच पोस्टा बाहेर येतात. काही ॲडमिननी आधीच करार करून ते डोमेन ब्लॉक केलं, काहींनी लिमिट, बरेचसे स्वस्थ. पुरासाठीच्या सर्व्हरनं ते तोडू नये असं माझं मत. शेकडो सामान्य लोक तिथे आहेत.

दाजीपूरचा_गवा (१२:४०)

शेवटच्या वाक्याशी असहमत, पण त्यावर बोललो तर धाग्याचा काश्मीर होईल.

तांबडा_रस्सा (१२:४१)

बोला की! मिसळ मागवलीय, पाव कमी पडले तर सांगा.

सर्व्हरमामा (१:१५)

नको. मूळ प्रश्न अर्धाच सुटलाय, सुटायचं कसं ते राहिलं.

वारा, तुझ्या पोस्टमध्येच तीन कारणं पडलीत. नोंदणी खुली हे पहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पॅमची जी लाट आली ती बहुतांशी अशाच छोट्या, खुल्या, मालक झोपलेल्या सर्व्हरांवर खाती काढून आली होती. त्यानंतर ४.२.८ मध्ये असं केलं की आठवडाभर एकही मॉडरेटर फिरकला नाही तर खुली नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते. तू आजच मंजुरीवर टाक, आणि अर्जात एकच प्रश्न ठेव: कोल्हापूरशी संबंध काय? स्पॅमवाल्याला मराठीत उत्तर देता येत नाही.

दुसरं कारण बॉट. चोवीस तास चोवीस सार्वजनिक पोस्टा हॅशटॅगसकट म्हणजे दुसऱ्यांच्या टाइमलाइनवर रोजचा कचरा. डिसेंबरात नदीची पातळी कुणाला हवीय? खात्यावर "हे स्वयंचलित खातं आहे" ही खूण कर. तासाची पोस्ट अनलिस्टेड टाक. अनलिस्टेड पोस्ट फॉलो करणाऱ्यांना मिळते, सार्वजनिक टाइमलाइनवर आणि हॅशटॅगखाली येत नाही. सार्वजनिक पोस्ट फक्त दोन क्षणी: ३९ फूट इशारा पातळी ओलांडली की, ४३ फूट धोका पातळी ओलांडली की. हॅशटॅगही त्यावरच.

तिसरं: डोमेन स्वतःचं आहे की फुकट मिळणारं सबडोमेन? मॅस्टोडॉनमध्ये वरचं डोमेन ब्लॉक केलं की खालची सगळी सबडोमेन त्यात येतात. शेजारच्या सबडोमेनवर कुणी घाण केली की तूही गेलास. आणि डोमेन नंतर बदलता येत नाही, म्हणजे नवा सर्व्हर, सगळ्यांचं स्थलांतर.

रंकाळ्याचा_वारा (२:०२)

डोमेन स्वतःचं आहे, मामा. पण जुनं, कुणीतरी सोडलेलं, लिलावात घेतलेलं.

सर्व्हरमामा (२:१०)

मग सस्पेंडचं कारण बहुतेक तेच. आधीच्या मालकानं त्यावर काय चालवलं होतं ते याद्यांत बघ. डोमेनचं पाप सातबाऱ्यासारखं असतं, मालक बदलला तरी बोजा उतरत नाही.

मृगनक्षत्र (२:४८)

त्या ॲडमिनला पत्र लिहा. पत्ता त्यांच्या माहिती पानावर असतो. चार ओळी पुरेत: डोमेन हे, अमुक तारखेपासून मालक बदलला, नोंदणी मंजुरीवर आहे, बॉट अनलिस्टेड केला. नियमांच्या पानाची लिंक. "अन्याय झाला" हा सूर नको, आणि आपल्या दीडशे जणांना तिकडे तक्रारी करायला तर अजिबात पाठवू नका. झुंड आली की लिमिटचंही सस्पेंड होतं. पत्र आपल्याच डोमेनवरून पाठवणार असाल तर मेलचं एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आल्याचे पुरावे) नीट आहे ना बघा, नाहीतर ते स्पॅममध्ये पडून राहील.

सर्व्हरच्या पानावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही असू द्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांतलं. ५० लाख नोंदणीची अट मोठ्यांच्या जादा जबाबदाऱ्यांसाठी आहे, तक्रार अधिकारी छोट्यालाही लागतो. शिवाय बाहेरच्या ॲडमिनला दिसतं की इथे कुणीतरी उत्तर देणारं आहे.

कंदील (३:२०)

आणि नाहीच ऐकलं तर तिथल्या पोरांनी खातं हलवायचं का?

मृगनक्षत्र (३:३७)

हा एक उपाय आहे, पण पुरापुरतं दुसऱ्या सर्व्हरवर जादा खातं काढून बॉट फॉलो करणं सोपं. पूर्ण स्थलांतर करायचंच तर आधी नव्या खात्यावर जुन्याचा उपनाम-दुवा लावा, मग जुन्यावरून "हलवा". फॉलोअर येतात, पोस्टा येत नाहीत, आणि तीस दिवस पुन्हा हलवता येत नाही. आपण ज्यांना फॉलो करतो ती यादी वेगळी सीएसव्हीनं न्यावी लागते. एक खाच: जुन्या सर्व्हरला ज्यांनी सस्पेंड केलंय तिथे पूर्वी फॉलो करत असलेल्यांना हलल्याचा संदेश पोचतच नाही.

आजरा_घनसाळ (संध्याकाळी ६:०५)

बॉटबद्दल एक बारीक गोष्ट, ब्लॉकशी थेट संबंध नाही पण पाहिलीच पाहिजे. पातळी फूट-इंचात जाहीर होते. ३९ फूट १० इंच हे बऱ्याच ठिकाणी ३९.१० असं लिहिलेलं येतं. कोडनं ते दशांश म्हणून वाचलं तर ३९.१ होतं, म्हणजे साधारण ३९ फूट १ इंच. नऊ इंचांचा घोळ. टिंबावर तोडून दोन्ही आकडे वेगळे घ्या, सगळं इंचात करा. इशारा ४६८ इंच, धोका ५१६ इंच.

दुसरं, पातळी ३९ च्या आसपास खालीवर होत राहिली तर दर तासाला "इशारा ओलांडला" अशी सार्वजनिक पोस्ट जाईल आणि पुन्हा लिमिट. वर जाताना ४६८ ला पोस्ट करा, पण ४६५ च्या खाली उतरल्याशिवाय पुन्हा तयार होऊ देऊ नका.

पेठेतला_प्रोग्रामर (६:१२)

नाद खुळा! +१

२०१९ ला पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. म्हणजे ४३ नंतरही लोकांना आकडे लागतात. धोका ओलांडल्यावर दर फुटाला एक सार्वजनिक पोस्ट ठेवायला हरकत नाही.

खासबाग (७:३०)

बघा, शेवटी सगळं आपणच सुधारायचं, समोरच्यानं साधं कारणही सांगायचं नाही. निदान आपल्या यादीत तरी सार्वजनिक कारण लिहा आणि नावं झाकू नका.

दाजीपूरचा_गवा (७:४४)

कारण लिहा, मान्य. नावं मात्र काही ठिकाणी झाकावीच लागतात. नाहीतर आपलीच यादी वाचून लोक घाण कुठे मिळते ते शोधतात.

रंकाळ्याचा_वारा (रात्री १०:५०)

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंत केलेलं: नोंदणी मंजुरीवर, रिले काढला, बॉट अनलिस्टेड, स्वयंचलितची खूण, इंचांचं गणित दुरुस्त (कोडमध्ये खरंच दशांश होता, घनसाळ, तुमचे विशेष). चारशेतल्या कारण नसलेल्या १६३ ओळी बाजूला काढल्या. इशाऱ्याच्या नऊ निघाल्या, त्या उद्या एकेक बघतो.

लिमिटवाल्या सर्व्हरच्या यादीत फुल्यांची ओळ होती. हॅश काढला, जुळला नाही.

मृगनक्षत्र (१०:५३)

डॅश-एन?

रंकाळ्याचा_वारा (१०:५८)

😬 जुळला. कारणाच्या रकान्यात "बॉट, दर तासाला" एवढंच आहे. पत्र लिहायला घेतो.